रिंगण आणि स्टेज: एका बहुसांस्कृतिक महोत्सवाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

दिवाळी उरकली आणि मार्चच्या महोत्सवाची पहिली बैठक आज झाली. वेस्टर्न सिडनीतल्या आमच्या उपनगराचा हा मेळा दरवर्षी हार्मनी वीकमध्ये भरतो. मैदान, वीज आणि सुरक्षारक्षक कौन्सिल देते, बाकीचं सगळं स्वयंसेवकांची समिती बघते. यंदा सादरीकरणांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मी समितीत मराठी मंडळातर्फे असले तरी हे काम सगळ्या गटांचं आहे. दुसऱ्या शहरांतल्या मंडळांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवते आहे.

आजवरची रीत अशी: एक स्टेज, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा, प्रत्येक गटाला सात मिनिटं. गट चढतो, पेनड्राइव्हवरचं गाणं वाजतं, गट उतरतो, सूत्रसंचालक पुढच्या देशाचं नाव घेतो. सात मिनिटांत पोशाख दिसतो. कला दिसायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि बऱ्याच कलांना स्टेज मुळात लागतच नाही. आज बैठकीत मी एवढंच मांडलं. स्टेज राहू दे, पण त्याच्या समोरच्या हिरवळीवर दोरी लावून एक रिंगण करू. वारीतलं रिंगण ज्यांनी पाहिलं आहे त्यांना समजावून सांगायला नको: मध्ये मोकळी जागा, भोवती माणसं, आणि करणारा नि बघणारा एकाच जमिनीवर.

पैशाचा प्रश्न लगेच आला. दरवर्षी समारोपाला बाहेरून एक नावाजलेला बँड बोलावतो. ते मानधन वाचवलं तर रिंगणाचा सगळा खर्च निघतो आणि स्थानिक गटांना थोडं जास्तही देता येतं. खजिनदार काकांना पटलं, पण बँड नसेल तर गर्दी पाचलाच पांगेल अशी इतरांना भीती. निर्णय पुढे ढकलला.

एक गोष्ट मात्र इतिवृत्तात लिहून घेतली. ऑस्ट्रेलियात हार्मनी डे १९९९ पासून २१ मार्चला पाळतात, नारिंगी कपडे घालून. पण जगभर हीच तारीख वंशभेद-निर्मूलन दिन म्हणून पाळली जाते, कारण २१ मार्च १९६० ला दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिलला पास कायद्याचा (काळ्या लोकांवर ओळखपत्र बाळगण्याची सक्ती करणाऱ्या) निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसं मेली. आनंदाच्या कार्यक्रमात हे कशाला, असं कुणीतरी विचारलं. आमची मुलं इथे निर्धास्तपणे नाचू शकतात त्याला एक इतिहास आहे, आणि तो वर्षातून एकदा माइकवरून सांगायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. संहितेत ते येईल.

२ डिसेंबर, शनिवार

गटांना पाठवायचा अर्ज बदलला. पूर्वी त्यात किती माणसं, किती मिनिटं, कुठलं गाणं एवढंच विचारलेलं असायचं. आता पहिला प्रश्न असा: हे तुमच्याकडे कुठे करतात, केव्हा करतात, आणि भोवती कोण असतं? या एका प्रश्नाने फोनवरची बोलणी पार बदलून गेली. दोन ओळींत उत्तरं देणारी माणसं तासभर बोलायला लागली.

दबके या पॅलेस्टिनी समूहनृत्याचे गुरू म्हणाले, आमच्याकडे हे लग्नात. माणसं हात धरून रांगेत उभी राहतात, टोकाचा म्होरक्या रुमाल किंवा जपमाळ फिरवत रांग ओढतो आणि पाय एकदम जमिनीवर आपटतात. रांग वाढत जाते, पाहुणेही शेवटी जोडले जातात. स्टेजवर रांग वाढणार कुठे? आठ माणसांतच भिंत येते.

अफगाण गटाचा अत्तन गोलाकार. मध्ये ढोल, भोवती माणसं, ठेका हळूहळू चढत जातो आणि गिरक्या वेग घेतात. त्यांच्या तरुण संयोजकाने सांगितलं की पहिली काही मिनिटं फक्त पावलं जुळायला जातात. सात मिनिटं दिली तर अत्तन तापायच्या आतच बंद.

टोंगन चर्चच्या आजींनी तौओलुंगाबद्दल सांगितलं. तरुण मुलगी एकटी नाचते, हातांना खोबरेल तेल लावलेलं असतं, आणि नाच चालू असताना नातेवाईक, शेजारी, कुणीही पुढे येऊन तिच्या अंगावर नोटा चिकटवतात. त्याला फाकापाले म्हणतात. पैसा त्या मुलीचा नसतो, ज्या कामासाठी सगळे जमले त्या कामाचा असतो. "स्टेज उंच असतं, लोक वर येत नाहीत, मग मुलगी एकटीच नाचते," असं आजी म्हणाल्या.

मात्र फिलिपिनो मंडळाने नेमकं उलट सांगितलं. त्यांना हिरवळ नको. टिनिक्लिंगमध्ये दोन लांब बांबू जमिनीवरच्या लाकडी पट्ट्यांवर आपटायचे, मग एकमेकांवर, आणि नाचणाऱ्याने तीनच्या ठेक्यात घोटा वाचवत आत-बाहेर करायचं. गवतावर बांबूचा आवाजच उठत नाही, आणि आवाज नसेल तर नाचणाऱ्याचा पाय चुकतो. त्यांना लाकडी तळच हवा. भरतनाट्यमच्या ताईंचंही तेच म्हणणं.

सगळ्यांना सारखं द्यायचं म्हणजे काय, हे मला या फोनांनी शिकवलं. प्रत्येकाला त्याच्या कलेची जमीन द्यायची. मिनिटांचं समान वाटप हा त्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा भाग.

९ डिसेंबर, शनिवार

या आठवड्यात बोत्स्वानातल्या कसाने इथे युनेस्कोची बैठक झाली. गुजरातचा गरबा आणि पॅलेस्टाइनचा दबके, दोन्ही एकाच बैठकीत अमूर्त वारशाच्या यादीत गेले. गुजराती समाजाच्या बेनचा आनंदाने फोन आला. त्यांना नेहमीसारखं स्टेजवर ठेवायचं नाही, रिंगणात मध्ये गरबो (दिवा ठेवलेलं मडकं) ठेवून भोवती फिरायचं, हे आम्ही दोघींनी पाच मिनिटांत ठरवलं.

दबकेच्या गुरूंना मी अभिनंदनाचा फोन केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. गटातल्या तीन कुटुंबांची माणसं गाझात आहेत. मार्चमध्ये नाचायचं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. मी सांगितलं की उत्तराची घाई नाही, जागा राखून ठेवते, आणि नाही आलात तर त्या वेळेत दुसऱ्या कुणाला घालणार नाही. समितीत यावर थोडी कुरबूर झाली. रिकामी वेळ ठेवायची नाही हा नियम जुना आहे. पण ज्याच्या घरी सुतक आहे त्याला अंतिम तारीख कशी द्यायची?

दुसरा निर्णय मार्गी लागला. यंदा बँड नाही. रिंगण मंजूर.

१३ जानेवारी २०२४, शनिवार

मैदानाची पाहणी. भर दुपारी मुद्दाम गेलो, कारण महोत्सवाची मधली वेळही तीच. कौन्सिलच्या गोदामातून स्टेजचे दोन काळे पत्रे आणून उन्हात ठेवले होते. भरतनाट्यमच्या ताईंनी चप्पल काढून पाऊल टेकवलं आणि लगेच उचललं. अनवाणी तट्टडवू घालणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुली त्यावर कशा उभ्या राहणार? आणि वर्षानुवर्षं त्या उभ्या राहत आल्या आहेत, कारण कुणी विचारलं नाही आणि मुली बोलल्या नाहीत.

ठरलं ते असं. स्टेजवर छत हवंच. पत्र्यांवर प्लायवूडचा थर, त्यावर फिकट रंगाचा नाचाचा मॅट. मॅट नुसता गवतावर किंवा पत्र्यावर टाकला तर सुरकुत्या पडून पाय अडकतो, म्हणून कडा टेपने पक्क्या करायच्या. अनवाणी नाचणारे गट सकाळी किंवा चारनंतर. टिनिक्लिंगच्या वेळी मॅट गुंडाळून प्लायवूड उघडं ठेवायचं, म्हणजे बांबू नीट वाजेल.

रिंगणाची हिरवळ चालून बघितली. एका कोपऱ्यात पाणी मारायच्या नळीची तोटी वर आली आहे. तिच्यावर शंकू ठेवायचा, आणि जमलं तर कौन्सिलकडून ती बुजवून घ्यायची.

आणखी एक फायदा आज नव्याने ध्यानात आला. एकाच वेळी दोन्हीकडे वाजवायचं नाही हे तर उघडच आहे. पण रिंगणात कार्यक्रम चालू असताना स्टेजवर पुढच्या गटाचं साउंड चेक शांतपणे होतं, आणि स्टेजवर चालू असताना रिंगणात माणसं जमतात. पूर्वी दोन गटांमधला वेळ भरायला सूत्रसंचालक उगाच बोलत राहायचे. ती वेळच उरत नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज दारुग या मूळनिवासी समाजाच्या ज्येष्ठ बाईंकडे गेले. वेस्टर्न सिडनीची ही भूमी दारुग लोकांची. वेलकम टू कंट्री, म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचं स्वागत, त्या भूमीच्या माणसांनीच करायचं असतं. आमच्यासारख्यांनी करायची ती फक्त भूमीची आणि ज्येष्ठांची जाणीवपूर्वक दखल. नव्या स्वयंसेवकांना हा फरक नीट सांगावा लागतो. बाईंचं मानधन बजेटात सगळ्यात वरच्या ओळीत आहे आणि ते कार्यक्रमाच्या आधी पोचतं करायचं.

त्यांच्याबरोबरच्या नाचणाऱ्या मुलांना स्टेज दाखवलं तर त्या म्हणाल्या, पाय मातीला लागले पाहिजेत. रिंगणाचा विचार मी नोव्हेंबरपासून मांडते आहे, पण त्याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात सरळ कारण आज त्यांच्या तोंडून ऐकलं. महोत्सवाची सुरुवात रिंगणात होणार. निलगिरीच्या हिरव्या पानांचा धूर करायचा असल्याने अग्निबंदीची सूचना आदल्या संध्याकाळी तपासायची, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवायचा.

कोरियन गटाशीही आज बोलणं झालं, आणि ते मला फार आवडलं. त्यांचं सामुलनोरी चार वाद्यांचं: छोटी झांजेसारखी थाळी, मोठी घंटाथाळी, डमरूच्या आकाराचा जांगू आणि बुक हा ढोल. वादक बसून वाजवतात. गटाच्या प्रमुखांनी सांगितलं की हे रूप १९७८ मध्ये सोलमध्ये घडवलं गेलं, तेही मुद्दाम बंद सभागृहाच्या रंगमंचासाठी. त्याचं मूळ शेतकऱ्यांच्या पुंगमुलमध्ये, जे उघड्यावर, चालत, नाचत, टोपीला बांधलेली लांब फीत फिरवत करायचं. म्हणजे मैदानातली कला स्टेजवर नेताना त्यांनी तिची बैठक, तिचा वेळ, तिची रचना सगळी नव्याने बांधली. नुसती उचलून वर ठेवली नाही. आपल्याकडे लेझीम सभागृहात करताना एवढा विचार कोण करतं? त्यांना मी दोन्ही जागा दिल्या: आधी स्टेजवर बसून, मग उतरून रिंगणात फिती फिरवत.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज चांद्र नववर्ष, ड्रॅगनचं वर्ष. व्हिएतनामी सिंहनृत्याच्या गटाला आज बैठकीला बोलावणं शक्यच नव्हतं, म्हणून मीच ते बघायला बाजारात गेले. दुकानांच्या ओळीपुढे सिंह एकेका दारात थांबत होता. आत दोन मुलं: पुढचा डोकं, कान आणि पापण्या सांभाळतो, मागचा वाकून पाठ होतो. ढोलवाली एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती. तिची नजर पूर्ण वेळ सिंहाच्या पायांवर. सिंह थबकला की तिचं टिपरू हवेत थांबायचं, त्याने मान झटकली की घाव पडायचा. सिंह ढोलाच्या मागे जात नाही, ढोल सिंहाच्या मागे जातो. हे समोर उभं राहिल्यावरच कळतं.

दारावर लेट्यूसचा गड्डा आणि लाल पाकीट टांगलेलं. सिंह ते तोंडात घेतो, चघळल्यासारखं करतो आणि पानं लोकांवर उधळतो. तो प्रसाद, सगळ्यांना भरभराट. मी मात्र लगेच टिपून घेतलं: सिंहानंतर रिंगण झाडून घेणे, ओल्या पानांवर कुणीही अनवाणी येता कामा नये. आणि त्यांना रिंगणात थेट आणायचं नाही. त्यांनी खाण्याच्या स्टॉलपासून निघावं, प्रत्येक स्टॉलपुढे थांबावं, आणि गर्दी मागे घेऊन रिंगणात यावं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

कागदपत्रं. सार्वजनिक दायित्वाचा विमा २ कोटी डॉलरचा मागतात. छोट्या गटांना तो परवडत नाही, म्हणून सगळ्यांना समितीच्या विम्याखाली घेतलं. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाचं वर्किंग विथ चिल्ड्रेन चेक ऑनलाइन पडताळलं. स्वयंसेवकांना ते मोफत आहे आणि पाच वर्षं चालतं, तरी लोक शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात. रेकॉर्ड केलेल्या गाण्यांसाठी वनम्युझिकचा परवाना घेतला. ज्यांच्याकडे वादक आहेत त्यांनी ट्रॅक लावू नये अशी विनंती सगळ्यांना केली. दोन गटांनी आनंदाने मानली.

२ मार्च, शनिवार

आज कॅलेंडर पसरून बसलो. २३ मार्चचा शनिवार ठरलेला आहे आणि त्याच्या आजूबाजूला काय काय आहे ते बघा: नवरोझ २० तारखेला, होळी-धुळवड २४-२५ ला, पाम संडे २४ ला, ग्रीकांचा स्वातंत्र्यदिन २५ ला आणि त्यांचा ईस्टरपूर्वीचा उपासकाळही चालू, आणि रमजान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून. महोत्सवाची तारीख ठरवताना हार्मनी वीक सोडून कुणी काही बघत नाही. पुढच्या वर्षापासून हा तक्ता आधी आणि तारीख नंतर, असा ठराव मी मांडणार आहे.

ग्रीक गटाचा रविवार त्यांच्याच कार्यक्रमांचा, म्हणून त्यांना शनिवारी लवकर मोकळं करायचं. इराणी कुटुंबं नाच न करता हफ्त-सीन मांडणार आहेत: उगवलेले गव्हाचे अंकुर, सफरचंद, लसूण, सुमाक, व्हिनेगर असे त्यांच्या भाषेत 'स' ने सुरू होणारे सात पदार्थ. त्यांच्या टेबलाला सावलीची जागा.

मोठा प्रश्न अत्तनचा आणि दबकेचा. रोजा असताना भर दुपारी गिरक्या घ्यायला लावणं हे क्रूरपणाचं आहे. डेलाइट सेव्हिंग (घड्याळं तासभर पुढे) अजून चालू असल्याने सूर्यास्त सातच्या सुमारास. त्यामुळे महोत्सव साडेआठपर्यंत लांबवायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पावणेसात ते साडेसात मैदानावर कुठलाही ध्वनिक्षेपक नाही. खजूर, पाणी आणि सूप समितीतर्फे, नमाजासाठी तंबूच्या मागे चटया. साडेसातला अत्तन. बँडशिवाय गर्दी थांबेल का, या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, असं मला वाटतं.

दबकेच्या गटाचा निरोप आला. येणार आहेत. निवेदन नको, टाळ्यांचं आवाहन नको, गाणं लग्नाचं नसेल. चालेल, म्हणून कळवलं.

९ मार्च, शनिवार

आज आमच्याच ढोल-ताशा पथकाची तालीम. आणि बोलणंही करायचं होतं, जे सोपं नव्हतं.

पथक जोरात आहे. तीस ढोल, सहा ताशे, झांजा, टोल, ध्वज. चामड्याची पानं इथे आणायची तर जैवसुरक्षेच्या तपासणीतून जावं लागतं, म्हणून आमची पानं फायबरची. पण दोऱ्या ओढून पान ताणायची पद्धत पुण्यासारखीच. पार्किंगच्या टोकाला तालीम चालते, नवी मुलं आधी मांडीवर हाताने ठेका घेतात आणि मगच टिपरू हातात मिळतं. इथे जन्मलेली मुलं मराठी अडखळत बोलतात, पण ताशाची तर्री कानावर पडली की हात आपोआप योग्य जागी जातो. हे बघताना मला दर वेळी भरून येतं.

पथकाला समारोप हवा होता, पंचवीस मिनिटं, रिंगणात. "आपली माणसं समितीत असून आपल्यालाच शेवट नाही?" एका दादांनी थेट विचारलं. मी म्हटलं, दादा, मी समितीत आहे म्हणूनच नाही. आणि खरं कारण वेगळं आहे. ढोल-ताशा समारोपाचं वाद्य कधीच नव्हतं. ते मिरवणुकीचं आहे, लोकांना घराबाहेर काढणारं आहे. रेल्वे स्टेशनपासून मैदानापर्यंत पथकाने चालत यावं, गाव गोळा करून आणावा, आणि रिंगणाशी थांबून दारुग ज्येष्ठांना जागा करून द्यावी. रस्ता बंद ठेवायची परवानगी मी मिळवते. यावर खूप वेळ चर्चा झाली. पथकातल्या मुलींनीच शेवटी उचलून धरलं: चालत वाजवायचंय, उभं राहून नाही. मग दादाही तयार झाले, आणि मार्ग आखायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

लेझीमचा गट वेगळा, त्यांना दुपारी चारला रिंगण. त्यांच्याबरोबर पंजाबी शाळेची मुलं शिकायला येणार आहेत.

१६ मार्च, शनिवार

सूत्रसंचालकांची तालीम. प्रत्येक गटाकडून त्यांच्या नावाचं आणि नाचाच्या नावाचं रेकॉर्डिंग मागवलं होतं, ते ऐकून उच्चार घोटले. "आता रंगीबेरंगी अमुक देश" अशी वाक्यं संहितेतून काढली. त्याऐवजी एकच गोष्ट सांगायची: हे कुठे करतात आणि बघणाऱ्याने काय करायचं. रांगेत या, टाळी धरा, गप्प बसा, नोट लावा, जे असेल ते.

फाकापालेवर समितीत आक्षेप आला की उघड्यावर रोख रक्कम कशी चालेल. चर्चच्या आजींना बोलावलं. त्यांनी सांगितलं की दोन बायका टोपली घेऊन मागे असतात, मोजणी दोघांसमोर होते, आणि यंदाचा पैसा तरुण मंडळाच्या सभागृहाच्या दुरुस्तीला जाणार. त्यांची पद्धत आमच्या स्टॉलच्या गल्ल्यापेक्षा पक्की निघाली. मंजूर.

२३ मार्च, शनिवार. रात्री उशिरा

अंग दुखतंय, पण आजच लिहिते.

पथक स्टेशनवरून निघालं तेव्हा मागे फार तर शंभर माणसं असतील. मैदानाशी येईपर्यंत रस्ता भरला होता. बाल्कन्यांतून लोक खाली आले. रिंगणाच्या तोंडाशी ध्वज आडवा झाला आणि सगळे ढोल एकदम थांबले. त्या शांततेत दारुग बाई पुढे आल्या. धुरातून आधी पथकातली मुलं गेली, कमरेला ढोल तसेच बांधलेले.

सकाळ सुरळीत गेली. ग्रीक, भरतनाट्यम, टिनिक्लिंग, सामुलनोरी. प्लायवूडवर बांबूचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होता. शार्पव्हिलचा परिच्छेद दुपारी बाराला वाचला. कुणी उठून गेलं नाही.

टोंगन मुलगी रिंगणात आली तेव्हा पहिली नोट तिच्या आजीने लावली. मग दुसरी, तिसरी, चर्चची माणसं. त्यानंतर क्षणभर कुणी पुढे येईना. सूत्रसंचालकाने सांगितलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण धीर होत नव्हता. तेवढ्यात आमच्या लेझीमच्या गटातल्या एक मावशी पाच डॉलरची नोट घेऊन दोरीखालून आत गेल्या आणि तिच्या दंडावर हलकेच टेकवून परत आल्या. मग रांग लागली. ऑस्ट्रेलियाच्या नोटा प्लास्टिकच्या, तेलावर त्या नीट बसत नाहीत, सावकाश घसरत कोपरापर्यंत येतात. मुलीचे हात मात्र जराही हलले नाहीत. बोटं, मनगट आणि किंचित कललेली मान, एवढ्यावरच नाच चालू होता. पडलेल्या नोटा मागच्या बायका गुपचूप उचलत होत्या. ठरलेली वेळ संपून गेली आणि मी घड्याळाकडे पाहणं सोडलं. नंतरचं लेझीम उशिरा सुरू झालं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

दबकेचा गट सूर्यास्ताआधी आला. बायकांच्या अंगावर हाताने भरतकाम केलेले काळे थोब, म्हणजे लांब झगे. मिजविझ ही जोडपावरी नव्हती, फक्त तबल हा ढोल. रांग लहान होती आणि पावलं जड पडत होती. आम्ही निवेदन केलं नाही. थोड्या वेळाने लेबनीज स्टॉलवरची माणसं एप्रन काढून रांगेच्या शेवटी लागली, मग अफगाण मुलं, मग कोण कोण. म्होरक्याचा रुमाल त्याच्या हातात होता, पण त्याने तो फिरवला नाही. संपल्यावर ते तसेच खजुराच्या टेबलाकडे गेले.

पावणेसातनंतर मैदानावर ध्वनिक्षेपक नव्हता, तरी गर्दी पांगली नाही. लोक गवतावर बसून खात होते. खजुराच्या डब्या हातोहात फिरत होत्या, उपास नसलेल्यांनीही सूप वाढायला हात लावला.

साडेसातला अत्तन. वर्तुळ आधी पंधरा जणांचं. ढोल हळू. अफगाण ढोलवाला आणि आमच्या पथकातला एक ताशावाला दुपारी चहाच्या स्टॉलवर भेटले होते, हे मला माहीत नव्हतं. ठेका चढायला लागल्यावर ढोलवाल्याने मान हलवून त्याला आत बोलावलं. ताशा त्या ठेक्यात शिरला तो आधी फार सांभाळून, नुसते कडेवरचे टोले. वेग वाढला तशी तर्री पडायला लागली. वर्तुळ दुप्पट झालं, केस आणि बाह्या उडायला लागल्या. साडेआठला कौन्सिलच्या माणसाने दिव्यांकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे थांबलो.

२४ मार्च, रविवार

मैदान मोकळं केलं. मॅट, प्लायवूड, दोऱ्या परत. सापडलेल्या वस्तू: एक घुंगरांची जोडी, दोन टिपरू, लहान मुलाचा डावा मोजडा, फिलिपिनो गटाची एक लाकडी पट्टी. पत्र्यावर किंवा मॅटवर कुणी घसरलं नाही. रिंगणात एका लेझीमवाल्या मुलाचा पाय मुरगळला, पण तो ठीक आहे.

६ एप्रिल, शनिवार

आढावा बैठक. मानधनं सगळ्यांना पोचली. बँडची आठवण कुणी काढली नाही.

गटांकडून आलेल्या सूचना बहुतेक बारीक आणि उपयोगी आहेत. कपडे बदलायच्या तंबूत आरसा आणि दिवा हवा. रिंगणात ज्येष्ठांसाठी पुढच्या ओळीत खुर्च्या हव्यात, कारण दोरीशी उभे राहिलेले लोक त्यांना झाकतात. बधिरांसाठी खुणेच्या भाषेची दुभाषी फक्त स्टेजवर होती, पुढच्या वर्षी रिंगणातही हवी आणि तिच्या उभं राहण्याची जागा आधी आखायला हवी. टोंगन आजींनी निरोप पाठवला की जमलेल्या पैशातून सभागृहाच्या छताचं काम सुरू होतंय. पऱै या तमिळ ढोलाच्या वादकांचा एक गट स्वतःहून पुढे आला आहे. स्टेजवर कधीच यायचं नव्हतं म्हणून आजवर अर्जच केला नव्हता, असं त्यांच्या संयोजकाने सांगितलं.

तारखेचा ठराव मंजूर. २०२५ मध्ये रमजान जवळजवळ सगळा मार्च व्यापतो, म्हणजे हार्मनी वीक पुन्हा त्यातच. संध्याकाळची मोकळी वेळ आणि साडेआठपर्यंतची परवानगी अर्जात पहिल्यापासून धरायची. मैदानाचा अर्ज मी भरते, खजिनदार काका सही करतील. नळीची तोटी अजून तशीच वर आहे. तिच्यासाठी कौन्सिलला वेगळं पत्र द्यायचं.